चार इंची पडदा, अरुंद रस्ता आणि भाचीचा वाढदिवस

नोकियाचा एन८०० आठवतोय का कुणाला? २००७च्या जानेवारीत आला होता. त्याला म्हणायचे इंटरनेट टॅबलेट, पण फोन नव्हे, सिमकार्ड घालायला जागाच नाही, नेट हवं तर वायफाय शोधा नाहीतर ब्लूटूथने कुणाच्या तरी फोनला चिकटा. त्याच्या आधीचा ७७० हा २००५चा, नंतर सरकत्या कीबोर्डवाला एन८१० आला, आणि तिघांच्या पोटात माएमो नावाचं लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली. माझ्याकडे सेकंडहँड एन८०० आहे, अजून चालतो, आणि त्याच्यावर गाणी-व्हिडिओ चालवताना मला जे कळलं ते इतकी वर्षं व्हिडिओ बघूनही कळलं नव्हतं.

पहिला उद्योग मी केला तो असा की भाचीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ जसाच्या तसा कार्डावर टाकला. (एसडी कार्डाच्या दोन जागा आहेत याला, चैनच.) लावला तर आवाज व्यवस्थित आणि चित्र मागे मागे, म्हणजे टाळ्या वाजून संपल्या, केक कापून झाला, आणि पडद्यावर आज्जी अजून ताम्हण उचलतेय. चूक माझीच, एवढ्याशा यंत्राला मी कॉम्प्युटरचा घास भरवला.

आता हे मागे पडणं नेमकं कुठे होतं? मला वाटलं प्रोसेसर कमी पडतो. तो तसा बारीकच, सुरुवातीला ३३० मेगाहर्ट्झवर चालायचा, पुढे नव्या सॉफ्टवेअरने ४००वर नेला. पण अर्धी गोम वेगळीकडेच आहे. पडदा ८०० बाय ४८०, म्हणजे ३ लाख ८४ हजार ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला १६ बिट, म्हणजे २ बाइट धरा, सेकंदाला २५ चित्रं धरा, की झाले सेकंदाला १ कोटी ९२ लाख बाइट. आणि पडदा चालवणारी चिप प्रोसेसरच्या बाहेर वेगळी बसलेली, मधला रस्ता अरुंद! प्रोसेसरने चित्र वेळेत तयार केलं तरी ते पडद्यापर्यंत न्यायला उशीर. कारखाना जोरात चालू पण गेटबाहेर एकच बैलगाडी, असला प्रकार.

मग उपाय काय, तर चित्र निम्म्या लांबी-रुंदीचं करायचं, ४०० बाय २४०. ठिपके एकदम पाव होतात, ९६ हजार. ती पडद्याची चिप स्वतःच एका ठिपक्याचे चार करून अख्खा पडदा भरते, प्रोसेसरला त्याचा ताप नाही. चार इंचाच्या पडद्यावर हातभर अंतरावरून फरक जवळजवळ कळत नाही, मी घरातल्यांना दाखवून बघितलंय.

हे ४००-२४०चे आकडे उगाच नाहीत बरं का. एमपेग-४ ही व्हिडिओ आवळून साठवायची पद्धत, ती चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते. ४०० मध्ये बरोब्बर २५ चौकोन बसतात, २४० मध्ये १५, एकूण ३७५, उरलंसुरलं काही नाही. रुंद सिनेमा असेल तर ४०० बाय २२४ करा, तिथे १४ ओळी बसतात. जुना चौकोनी टीव्हीछाप व्हिडिओ असेल तर ३२० बाय २४०, नाहीतर माणसं आडवी पसरतात.

या चौकोनांची गंमत अशी की प्रत्येक चित्र पूर्ण साठवतच नाहीत. मधूनमधून एखादं पूर्ण, बाकीच्यात फक्त 'हा चौकोन मघाचाच, जरा उजवीकडे सरकलाय' एवढी नोंद. आज्जीच्या मागची भिंत हलत नाही तर ती परत परत कशाला लिहा? रंगातही काटकसर आहे, आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक बारीक कळतो पण रंगाचा तितका नाही, म्हणून उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवतात आणि रंग चार ठिपक्यांत मिळून एक. पडद्यावर ठिपक्याला १६ बिट असले तरी मूळ चित्रात २४ असतात, त्यांचे तिथेच सरासरी १२ झाले.

गाण्यांचं मानाने सोपं. सीडीवर सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट असतात, १२८ किलोबिटवाल्या एमपीथ्रीत १ लाख २८ हजार, म्हणजे अकरावा हिस्सा. ढोलताशा चालू असताना शेजारचा कानाशी कुजबुजला तरी ऐकू येत नाही ना, तसे मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज एमपीथ्री सरळ टाकून देतो. एन८००मध्ये एमपीथ्री उलगडायला वेगळा सिग्नल प्रोसेसर आहे, त्यामुळे मुख्य प्रोसेसर निवांत आणि बॅटरीही वाचते. ऑग, म्हणजे एमपीथ्रीसारखाच गाणी आवळायचा दुसरा प्रकार, मात्र सोबत आलेला प्लेअर घेत नाही, वरून जोड टाकावी लागते.

आणि एक घोळ सगळेच करतात, मीही केला. फाइलच्या नावापुढे एव्हीआय दिसलं म्हणून चालेलच असं नाही, एव्हीआय हा नुसता डबा. झाकणावरून आत भाजी कुठली ते कळत नाही. आत एमपेग-४ चित्र आणि एमपीथ्री आवाज असेल तर छान, एच.२६४ नावाची आणखी आवळणारी पद्धत असेल तर ती उलगडायला गणितच एवढं की पुन्हा आज्जी ताम्हण उचलत बसणार.

मी एमप्लेअर हा व्हिडिओ चालवायचा प्रोग्राम टाकला टॅबलेटवर आणि व्हिडिओ लहान करायला, म्हणजे रूपांतराला, कॉम्प्युटरवर त्याचाच भाऊ मेनकोडर. चित्राला सेकंदाला ५०० किलोबिट, आवाजाला १२८. दोन तासांचा सिनेमा साधारण ५६५ मेगाबाइटमध्ये बसतो, गुणाकार करून बघा हवं तर.

पण रूपांतराला वेळ लागतो हं. बघताना यंत्राला नुसती नोंद वाचून चौकोन सरकवायचा असतो, बनवताना मात्र कुठला चौकोन कुठे गेला हे आजूबाजूला चाचपून शोधावं लागतं, प्रत्येक चित्रात ३७५ वेळा. माझा जुना कॉम्प्युटर लग्नाच्या तीन सीडींना रात्रभर घुमत होता आणि पहाटे आईने येऊन विचारलं, लाइटबिल तू भरणारेस का?