ऑपरेशनआधीचा व्यायाम : कण्याच्या बाकामागचा जुना वाद

कणा एका बाजूला वाकून (स्कोलिओसिस) मुलीचा एक खांदा वर दिसू लागला की सोलापुरात सल्ला ठरलेला : बारला लटकव, सूर्यनमस्कार घाल. पुढे एक्स-रेवर बाकाचा कोन ५० अंशांच्या आसपास गेला आणि ऑपरेशनचं ठरलं, की तीच मंडळी म्हणतात, आता हलू नको, जप.

व्यायामाची बदनामी झाली ती १९४१ साली. अमेरिकेतल्या हाडांच्या सर्जनांनी ४२५ रुग्णांचा आढावा घेतला आणि नुसत्या व्यायामाने बाक सुटत नाही, बऱ्याच जणांचा वाढतच जातो, असं नोंदवलं. ते चुकीचं नव्हतं. पण तपासलं होतं एवढंच, की कोन कमी होतो का. शरीर ऑपरेशन सोसायला तयार होतं का, हे कुणी विचारलंच नाही. तरी पुढची कित्येक वर्षं 'व्यायामाचा उपयोग नाही' हे सरसकट सांगितलं गेलं. माझ्या मते पोरींचं सगळ्यात जास्त नुकसान या सरसकटपणाने केलं.

त्या काळी ऑपरेशननंतर पेशंटला लगेच उठवायची घाई नव्हती हेही खरं. साठच्या दशकात ऑपरेशनात कण्याला लावायची स्टीलची दांडी आली, पण त्यानंतर कित्येक महिने प्लास्टरमध्ये काढावे लागत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मणक्यांना अनेक ठिकाणी पकड देणारे हुक आणि स्क्रू आले आणि एक-दोन दिवसांत पेशंटला उभं करू लागले. तेव्हा कुठे आधीच्या तयारीला अर्थ आला.

ती तयारी साधीच असते. छातीचा बाक मोठा असेल तर फासळ्या फिरतात, फुप्फुसाला जागा कमी पडते. म्हणून तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरने, म्हणजे श्वास ओढला की आतले चेंडू वर उचलले जातात त्या साधनाने, श्वास ओढायचा सराव. रोजचं चालणं, मांड्यांची ताकद. कंबर न पिळता कुशीवर वळून, हाताच्या टेकूने पाय खाली सोडत उठणं तर आधीच अंगवळणी पडलेलं बरं. टाके पडल्यावर ते शिकणं जिवावर येतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्याही याच काळात, कारण या ऑपरेशनात रक्त बरंच जातं.

शाळा बुडू नये म्हणून अनेक घरं मे महिना धरतात, पुण्या-मुंबईची तारीख घेतात. म्हणजे तयारीचे आठवडे नेमके परीक्षेत आणि इथल्या चाळिशीपारच्या उन्हात येतात. चालणं पहाटेच उरकावं लागतं. आणि महिन्याभराने नवा एक्स-रे काढून कोन तेवढाच दिसला, म्हणून व्यायाम सोडून देऊ नये. तो कोनासाठी नव्हताच.