लिक्विड क्रिस्टलची बाटली उघडण्याआधी एवढं वाचा

थंडी सुरू झाली की कॉलेजांतून फोन येतात, "तुमच्या लिक्विड क्रिस्टल मिश्रणाचं नितळ होण्याचं तापमान लेबलशी जुळत नाही." सर, मॅडम, माल बहुतेक वेळा बरोबर असतो. घोळ होतो तो बाटलीतून काढताना.

कांडीसारख्या रेणूंत वाकड्या रेणूंचा पदार्थ मिसळला की ते नीट शेजारी बसत नाहीत. त्यामुळे नेमॅटिक अवस्था (द्रवासारखी वाहती, पण रेणू साधारण एकाच दिशेला वळलेले, म्हणून दुधी दिसणारी) सहसा कमी तापमानालाच मोडते, आणि गार लॅबमध्ये एखादा घटक गोठून तळाशी बसतो. वरचं पातळ तेवढं ड्रॉपरने उचललं, तर थंडीत खोबरेलाच्या बाटलीतलं न गोठलेलं तेल ओतून घेतल्यासारखं होतं. स्लाइडवर भलत्याच प्रमाणाचं मिश्रण जातं आणि बाटलीत उरलेलंही कायमचं बिघडतं.

म्हणून झाकण घट्ट लावून बाटली गरम पाण्यात धरा. दुधी रंग पूर्ण जाऊन द्रव पाण्यासारखा नितळ झाला पाहिजे, तळाशी एक कणही नको. गरम असतानाच हलवा, मगच थेंब घ्या. ज्योतीवर धरू नका. हे दर वेळी करायचं, घाई असली तरी.

लेबलवर दोन तापमानं का, हेही विचारतात. मिश्रणात नेमॅटिक आणि आयसोट्रॉपिक (रेणूंना दिशा न उरलेली, नितळ) अवस्था काही अंशांच्या पट्ट्यात एकत्र नांदतात; पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली धाग्यांच्या नक्षीत काळे ठिपके उमटू लागतात ते पहिलं, सगळं काळं होतं ते दुसरं. हॉट स्टेज (स्लाइड गरम करायची मायक्रोस्कोपची बैठक) मिनिटाला एक अंशाहून जोरात पळवली तर हा पट्टा नीट सापडत नाही.

शुद्ध ५सीबी, म्हणजे मिश्रण नसलेलं एकाच पदार्थाचं लिक्विड क्रिस्टल, त्याची तक्रार उलटी येते. ते साधारण ३५ अंशांना नितळ होतं, म्हणजे एप्रिलच्या दुपारी कपाटातच. ते खराब झालेलं नसतं. गार झालं की पुन्हा दुधी होतं.

कांडीसारखे आणि चकतीसारखे रेणू एकत्र केलेलं मिश्रण आम्ही देत नाही. दोन्ही आकार एकत्र राहण्यापेक्षा वेगळे व्हायला बघतात, आणि तक्रार शेवटी आमच्याकडेच येते.

उघडलेली बाटली परत घेत नाही, कारण आत काय उरलंय ते सांगता येत नाही. वर्गासाठी हवं असेल तर एक-एक ग्रॅमच्या कुप्या मागवा. थोड्या महाग पडतात, पण एका बॅचचा घोळ दुसऱ्या बॅचला लागत नाही. प्रत्येक लॉट आमच्या मायक्रोस्कोपखाली तपासूनच उद्यमनगरातून निघतो. ऑर्डर देताना तुमची हॉट स्टेज किती अंशांपर्यंत जाते ते कळवा, त्याला बसेल असंच मिश्रण देऊ.