शाळेच्या बेसबॉल संघाला मानद सहायक प्रशिक्षक म्हणून मदत करायचीय? अर्ज अडतो तो इथे

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मुलं-मुली एकच प्रश्न घेऊन येतात. मैदानावर सकाळ-संध्याकाळ उभं राहायची तयारी आहे, मानधन नको, मग शाळा आत का घेत नाही? शाळेला तुमची गरज नसते असं नाही. बेसबॉलला नऊ जण मैदानात लागतात, धावताना गाठायच्या ठिकाणांपैकी, म्हणजे बेसपैकी, पहिल्या आणि तिसऱ्याजवळ धावणाऱ्याला थांब की पळ हे सांगायला माणूस लागतो, आणि क्रीडाशिक्षक बहुतेक ठिकाणी एकटाच असतो. अर्ज अडतो तो कागदांवर, आणि त्यातही दोन-तीन ठरावीक कागदांवर.

पात्रता तशी साधी आहे. वय 18 पूर्ण हवं. बारावीतला सतरा वर्षांचा खेळाडू कितीही चांगला असला तरी कायद्याच्या नजरेत तो स्वतःच बालक आहे. त्यानं 19 वर्षांखालील गटात खेळावं, प्रशिक्षकाच्या यादीत नाव घालायची घाई करू नये. खेळाचा काहीतरी लेखी पुरावा आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला जोडावा. बी.पी.एड. असेल तर उत्तम, पण ती अट शिक्षकाच्या नोकरीची. मानद मदतनिसाला ती लावून परत पाठवलं तर नम्रपणे विचारा, हे कुठं लिहिलंय?

आता मुख्य अडचण, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा, 2012 चा. त्याखालच्या 2020 च्या नियमांनी शाळा आणि क्रीडा अकादमींसह मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांवर आपल्या माणसांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यायची जबाबदारी टाकली. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढून शाळांना यात आणखी आवळलं. म्हणून मुख्याध्यापक हा कागद मागतात तेव्हा राग धरू नका. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेमध्येही स्वयंसेवकाला दरवर्षी नव्यानं फॉर्म भरून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते. आपली लेकरं ज्याच्या हाती द्यायची, त्याची चौकशी व्हायलाच हवी.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शाळा म्हणते, आधी पोलिसांचं प्रमाणपत्र आणा, मग पत्र देऊ. पोलिसांकडे गेलं तर ते म्हणतात, कुठल्या संस्थेसाठी हवंय त्याचं पत्र आणा, मग अर्ज घेऊ. मधल्या मधे पोरगं दोन्हीकडे चकरा मारतं, आणि दोन्ही खिडक्यांवर एकच उत्तर मिळतं, ‘सकाय येजो भाऊ,’ म्हणजे उद्या ये. चांगली खेळलेली मुलं इथंच नाद सोडून देतात.

यावर चालणारा उपाय एकच पाहिलाय. शाळेकडून नियुक्तीपत्र मागू नका, शिफारसपत्र मागा. लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह एवढंच लिहून घ्या : ‘श्री./श्रीमती अमुक यांना आमच्या शाळेच्या बेसबॉल संघासाठी मानद सहायक प्रशिक्षक म्हणून घेण्याचे योजिले आहे. त्याकरिता चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आवश्यक आहे. प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय त्यांना काम दिले जाणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. मुख्याध्यापकांची भीती त्यानंच जाते, आणि पोलिसांनाही कारण कळतं.

याऐवजी लोक जे आणतात ते चालत नाही. सरपंचांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला, पोलीस पाटलांची चिठ्ठी, सैन्यभरतीच्या वेळी काढलेलं जुनं प्रमाणपत्र, पासपोर्टसाठी झालेली पडताळणी, यातलं एकही जोडून भागत नाही. ऑनलाइन अर्ज करून आपल्या जिल्ह्याच्या पोलिसांकडून निघालेलं नवं प्रमाणपत्रच लागतं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या नावानंच जातो.

पत्त्याचा घोळ सर्वांत वाईट. धडगाव, अक्कलकुव्याकडचं पोरगं जळगावात खोली करून शिकतं. आधारवर गावचा पत्ता, राहतं शहरात. अर्जात गावचा पत्ता टाकला की पोलीस गावी चौकशीला जातात, दार बंद असतं, आणि शेरा पडतो, ‘दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही.’ म्हणून सध्याचा आणि कायमचा पत्ता दोन्ही खरे आणि वेगवेगळे लिहा, भाडेकरार किंवा वसतिगृहाचं पत्र जोडा, आणि घरमालकाला व गावी आईवडलांना आधीच सांगून ठेवा की चौकशीला माणूस येणार आहे. फोन आला तर उचला. अनोळखी नंबर म्हणून कापला आणि अर्ज महिनाभर पडून राहिला, असं झालंय.

सेतू केंद्रातून अर्ज भरत असाल तर मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा. केंद्रवाला घाईत स्वतःचा टाकतो, मग ओटीपी आणि त्रुटीचा संदेश त्याच्याकडे जातो आणि तुम्ही वाट बघत बसता.

नावाचंही पाहा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढ्यानं सहसा अडत नाही. पण ‘ज्ञानेश्वर’चा ‘दन्यानेश्वर’ झाला असेल तर आधार आधी दुरुस्त करा. लग्न झालेल्या मुलींचा दाखला माहेरच्या नावाचा असतो. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र न मागताच जोडावं.

कधी आंदोलनात किंवा भांडणात गुन्हा नोंदला गेला असेल तर तो लपवू नका. क्रमांक आणि सद्यःस्थिती लिहा. नोंद निघाल्यापेक्षा ती दडवल्यामुळे अर्ज नक्की बाद होतो.

सॉफ्टबॉल खेळलेल्यांसाठी मुद्दाम सांगतो, कारण जळगावकडे हा खेळ मुरलेला आहे आणि बेसबॉलकडे वळणारे बरेच जण तिथूनच येतात. प्रमाणपत्र सॉफ्टबॉलचं असेल तर अर्जात ते तसंच लिहा, ‘बेसबॉल’ करू नका. खाडाखोड म्हणजे बनावट कागद. त्याऐवजी दोन ओळी जोडा की फरक तुम्हाला माहीत आहेत : तिथं चेंडू खालून टाकतात, इथं खांद्यावरून; पूर्ण मापाच्या मैदानावर तिथं बेस 60 फुटांवर, इथं 90; तिथं चेंडू सुटेपर्यंत धावणाऱ्याला बेस सोडता येत नाही, इथं येतो. क्रीडाशिक्षक हे वाचून अर्ज निवडून बाजूला काढतो.

तारखांची गल्लत दोन ठिकाणी होते. क्रीडा कार्यालयाच्या परिपत्रकातली शेवटची तारीख शाळेच्या संघाच्या प्रवेशिकेची असते, तुमच्या कागदांची नव्हे. तुमचं प्रमाणपत्र त्याच्या कितीतरी आधी हाती हवं, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच अर्ज टाका. दुसरं म्हणजे, खेळाडूचं वय स्पर्धेच्या दिवशीचं धरत नाहीत, परिपत्रकात दिलेल्या तारखेवर मोजतात. मदतनीस म्हणून मुलांचे दाखले तुम्हीच गोळा करणार, तेव्हा ही ओळ दोनदा वाचा. एका चुकीच्या जन्मतारखेनं अख्खा संघ बाद झाला तर पोरांच्या सवलतीच्या गुणांवरही पाणी पडतं.

पोलिसांकडे केलेला अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळताना कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. पावती जपून ठेवा.

आत गेल्यावर पहिल्याच दिवशी एक वही घाला. कोणत्या मुलानं किती चेंडू टाकले ते रोज लिहा. लिटल लीगमध्ये 11-12 वर्षांच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, दिवसाला 85 चेंडूंची मर्यादा आहे, आणि 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे जिंकायच्या नादात एकाच पोराकडून सगळा सामना टाकून घेतात आणि कोपर कायमचं दुखायला लागतं. एप्रिल-मेमध्ये भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा सराव उन्हं चढायच्या आत आटोपा, आणि मुलीला किंवा मुलाला एकट्याला घेऊन कुठं जाऊ नका, घरी सोडायलासुद्धा. हंगाम संपला की मुख्याध्यापकांकडून तारखांसह अनुभवाचा दाखला त्याच आठवड्यात घ्या. बदली झाली की नवे साहेब तुम्हाला ओळखत नाहीत.