विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरील निर्बंध

प्रवाशाने बरोबर आणलेला मोबाईल, लॅपटॉप, टॅबलेट, हेडफोन किंवा पॉवर बँक विमानात केव्हा वापरावी, केव्हा बंद ठेवावी आणि कुठे ठेवावी, याविषयीचे नियम. प्रवाशाच्या कानावर येते ती एवढीच सूचना : फोन फ्लाइट मोडवर ठेवा. या सूचनेमागचे कारण मात्र गेल्या साठ-पासष्ट वर्षांत दोनदा पालटले. आधी भीती होती रेडिओलहरींची, मग घातपाताची, आणि आता आहे ती आगीची. जुनी भीती ओसरली तरी तिच्यासाठी केलेला नियम सहसा जात नाही. त्यामुळे आजची नियमावली म्हणजे तीन पिढ्यांचे सामान एकाच माळ्यावर चढवल्यासारखी झाली आहे.

सुरुवात झाली ती ट्रान्झिस्टरपासून. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हातात मावणारे एफएम रेडिओ आले आणि अमेरिकेत प्रवासी ते विमानात लावू लागले. एफएम रेडिओ फक्त लहरी पकडतो, सोडत नाही, असा सर्वसाधारण समज असतो. तो पुरता खरा नाही. हव्या त्या केंद्राची लहर पकडण्यासाठी रेडिओच्या पोटात एक ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच बारीक लहरी निर्माण करणारा भाग, चालू असतो आणि तो केंद्राच्या वारंवारतेपेक्षा सहसा 10.7 मेगाहर्ट्झ वर कंप पावतो. मुंबईत 98.3 वरचे केंद्र लावले, तर हा ऑसिलेटर 109.0 मेगाहर्ट्झवर चालतो आणि तेवढी थोडी लहर बाहेरही झिरपते. विमानाला दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या व्हीओआर केंद्रांचा पट्टा आहे 108 ते 117.95 मेगाहर्ट्झ. म्हणजे खिडकीशी बसून गाणी ऐकणारा प्रवासी नकळत वैमानिकाच्या होकायंत्राशेजारी कुजबुजत होता. 1961 मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, विमानात एफएम रेडिओ लावण्यास बंदी केली.

पाठोपाठ 1966 मध्ये व्यापक नियम आला. कोणतेही उपकरण चालू द्यायचे तर ते निर्धोक असल्याची खात्री विमान कंपनीने करून घ्यावी, असा त्याचा आशय होता. त्यातून सूट मिळालेल्या वस्तूंची यादी आज वाचली तर तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो : आवाज टिपणारे छोटे रेकॉर्डर, कानाचे यंत्र, हृदयाचा पेसमेकर आणि दाढीचे विजेवरचे यंत्र. ही चौकडी त्या नियमात अजूनही जशीच्या तशी आहे.

मोबाईल फोनची गोष्ट वेगळी आहे आणि ती बहुधा चुकीची सांगितली जाते. अमेरिकेत 1991 मध्ये उडत्या विमानातून मोबाईल वापरण्यास मनाई झाली, ती विमानाच्या काळजीने नव्हे तर जमिनीवरच्या टॉवरांच्या काळजीने, आणि ती घातली दूरसंचार आयोगाने. जमिनीवरचा फोन जवळच्या दोन-चार टॉवरांनाच दिसतो. दहा किलोमीटर उंचीवरून तोच फोन एकाच वेळी कितीतरी टॉवरांना दिसतो आणि ताशी आठ-नऊशे किलोमीटर वेगाने त्यांच्यावरून पुढे सरकत राहतो. कोणत्या टॉवरने त्याला सांभाळायचे, याचा घोळ होतो. त्यातच टॉवर दूर असला की फोन आवाज चढवतो, म्हणजे पूर्ण ताकदीने लहरी सोडतो.

या चढ्या आवाजाचा परिणाम टूजीच्या काळातल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. टेपरेकॉर्डरजवळ फोन ठेवला की रिंग वाजण्याआधी स्पीकरमधून ‘ट्रिट्-ट्रिट्-ट्रिट्’ अशी खरखर यायची. तीच खरखर वैमानिकाच्या हेडफोनमध्ये येते. विमान त्याने कोसळत नाही, पण धुक्यात उतरताना नियंत्रण कक्षाने सांगितलेला एखादा आकडा नीट ऐकू आला नाही तर ती गंमत राहत नाही. विमानातच छोटा टॉवर बसवला की हा प्रश्न बराचसा मिटतो, कारण टॉवर हाताच्या अंतरावर असल्याने फोनला ओरडावे लागत नाही. एमिरेट्सने मार्च 2008 मध्ये दुबईहून कासाब्लांकाला जाणाऱ्या विमानात अशी सोय करून अधिकृत फोन कॉल सुरू केले.

मग फोनमुळे विमानाला खरोखर धोका असतो का? प्रवाशाच्या फोनमुळे विमान पडल्याचे निर्विवाद सिद्ध झालेले उदाहरण नाही. ‘सगळे थोतांड आहे’ हा निष्कर्षही मात्र घाईचा ठरेल. केबिनमध्ये वाय-फाय बसवण्याआधी घेतलेल्या चाचण्यांत बोइंग 737 आणि 777 मालिकांतील विमानांच्या कॉकपिटमधले काही पडदे तीव्र वाय-फाय लहरींमुळे कोरे होत असल्याचे आढळले. वैमानिकाला वेग, उंची आणि दिशा दिसते ती याच पडद्यांवर. प्रत्यक्ष उड्डाणात तसे घडल्याची नोंद नव्हती. तरीही एफएएने 2014 मध्ये 1,300 हून अधिक विमानांतले हे पडदे बदलण्याचा आदेश काढला. त्यासाठी कंपन्यांना पाच वर्षे दिली. दीडशे प्रवाशांचे दीडशे फोन तपासत बसण्यापेक्षा पडदा बदलणे बरे, हा विचार त्यात दिसतो आणि तो शहाणपणाचा आहे.

जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत जी घबराट उडाली ती प्रवाशांच्या फोनमुळे नव्हती, जमिनीवरच्या नव्या फाइव्ह-जी टॉवरांमुळे होती. त्यांचा पट्टा विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरच्या पट्ट्याजवळ येत होता. त्या गोंधळात एअर इंडियाने अमेरिकेची काही उड्डाणे रद्द केली, त्यांत मुंबई-नेवार्कही होते.

निर्बंध सैल झाले ते 2013 च्या अखेरीस. तोवर दहा हजार फुटांच्या खाली सगळे काही बंद, अगदी ई-बुक वाचण्याचे यंत्रसुद्धा, असा दंडक होता. 31 ऑक्टोबर 2013 रोजी एफएएने फ्लाइट मोडवरची उपकरणे दारापासून दारापर्यंत चालू ठेवण्यास मुभा दिली. युरोपने तोच मार्ग धरला आणि 2014 मध्ये एक पाऊल पुढे जाऊन, विमान कंपनीने स्वतः चाचणी केली असेल तर फ्लाइट मोडचीही सक्ती नको, असे ठरवले. एकाच प्रवासात मुंबईहून निघालेल्या विमानात एक सूचना आणि युरोपातून पुढे जाणाऱ्या विमानात वेगळी, हे त्यामुळे घडू शकते. लॅपटॉप मात्र उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी सगळीकडेच मिटवून ठेवावा लागतो. त्याचा लहरींशी संबंध नाही. विमान जोरात थांबले तर दीड-दोन किलोची ती पाटी पुढच्याच्या डोक्यावर आदळेल आणि पळायची वेळ आली तर पायांत येईल, एवढे साधे कारण त्यामागे आहे.

भारतात 1937 च्या विमान नियमांतील 29-ब या कलमानुसार उडत्या विमानात अशी उपकरणे चालवण्यास मनाई होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) एप्रिल 2014 मध्ये फ्लाइट मोडवर वापराला परवानगी दिली. इंटरनेटला आणखी वेळ लागला. डिसेंबर 2018 मध्ये विमाने आणि जहाजे यांच्यासाठी दूरसंचाराचे नवे नियम निघाले व त्यांत भारतीय हद्दीत सेवा सुरू करण्यासाठी किमान 3,000 मीटर उंचीची अट घातली गेली. 3,000 मीटर म्हणजे जवळजवळ तेच जुने दहा हजार फूट. 1 जानेवारी 2025 पासून एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत वाय-फाय सुरू केले.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या प्रवाशांना आणखी एक निर्बंध परिचयाचा आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आणि गोव्याचा दाबोळी नौदलाचा. तिथे विमान उतरले की ‘हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, छायाचित्रे काढू नयेत’ अशी घोषणा होते. ती चालू असतानाच पाच-सहा फोन खिडकीला चिकटलेले दिसतात. मे 2025 मध्ये डीजीसीएने संरक्षण विमानतळांबाबत, विशेषतः पश्चिम सीमेलगतच्या, हा नियम कडक केला आणि उड्डाण व उतरण्याच्या वेळी खिडक्यांचे पडदे खाली ओढायला सांगितले.

घातपाताच्या भीतीने घातलेला सर्वांत मोठा निर्बंध 2017 मधला. त्याआधी वर्षभर, 2 फेब्रुवारी 2016 रोजी, सोमालियातील मोगादिशूहून निघालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमध्ये दडवलेला बॉम्ब फुटला होता. विमानाच्या कुशीला भगदाड पडले आणि बॉम्ब आणणारा तेवढा बाहेर फेकला जाऊन मेला. विमान पुरेसे उंच गेलेले नव्हते, म्हणून बाकीचे वाचले. 21 मार्च 2017 रोजी अमेरिकेने पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील आठ देशांच्या दहा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत स्मार्टफोनपेक्षा मोठे कोणतेही उपकरण केबिनमध्ये आणण्यास मनाई केली. दुबई, अबुधाबी, दोहा हे विमानतळ त्यांत होते. ब्रिटनने त्याच दिवशी सहा देशांसाठी अशीच बंदी जाहीर केली, पण तिच्या यादीत या तिघांचे नाव नव्हते. एकाच धोक्याची माहिती हाती असलेल्या दोन मित्रदेशांच्या याद्या अशा वेगळ्या निघाव्यात, हे तेव्हा अनेकांना खटकले.

मुंबईहून आखातामार्गे अमेरिकेला जाणाऱ्या संगणक क्षेत्रातल्या मंडळींची यात चांगलीच पंचाईत झाली. मुंबई-नेवार्क थेट विमानात लॅपटॉप मांडीवर उघडता येत होता. दुबईमार्गे गेले की तोच लॅपटॉप विमानाच्या पोटात. कंपनीचा, गोपनीय मजकूर असलेला लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती सोपवायचा कसा, हा प्रश्न वेगळाच. एमिरेट्स दारापर्यंत लॅपटॉप वापरू देई, तिथे तो बांधून घेई आणि महागड्या वर्गांतल्या प्रवाशांना बदली टॅबलेट देई. तपासणीची यंत्रे सुधारत गेली तशी जुलै 2017 मध्ये ही बंदी एकेका विमानतळावरून उठली. पहिला मान अबुधाबीचा.

या बंदीत एक विसंगती होती. सुरक्षा यंत्रणा म्हणत होत्या की लॅपटॉप खाली सामानात टाका, आणि आगीचे जाणकार म्हणत होते की काहीही करा, पण तो खाली टाकू नका. कारण लिथियम बॅटरी. तिच्या आत एखाद्या घटात शॉर्टसर्किट झाले की तो घट तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि ही उष्णता स्वतःच्याच बळावर वाढत जाते. सामानाच्या कप्प्यात हॅलॉन वायूची अग्निशमन व्यवस्था असते. हॅलॉन ज्वाळा विझवतो, पण बॅटरी थंड करत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि पाणी ओतायला माणसे असतात. ओतायचे ते पाणीच. बर्फ नाही, कारण बर्फाच्या आवरणात उष्णता कोंडून राहते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई केली. त्याच वर्षी सॅमसंगचा गॅलेक्सी नोट 7 पेटू लागला आणि ऑक्टोबरमध्ये एफएएने तो फोन बंद स्थितीतसुद्धा विमानात आणू नये असा हुकूम काढला. केबिनमध्ये नाही, सामानातही नाही.

पॉवर बँकेचे गणित प्रवाशाला येणे आता गरजेचे झाले आहे. मर्यादा वॉट-तासांत असते आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात मिलीअँपिअर-तास. त्यांना बॅटरीच्या 3.7 व्होल्टने गुणून हजाराने भागायचे. 20,000 ची पॉवर बँक 74 वॉट-तासांची भरते. 27,000 ची जेमतेम शंभराच्या आत बसते. शंभरपर्यंत चालते, शंभर ते एकशेसाठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. आणि ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. चेक-इन बॅगेत राहून गेली तर बॅग उघडण्यासाठी बोलावणे येते. (धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुके खोबरेही आहे, आपोआप तापून पेट घेऊ शकणारा पदार्थ म्हणून. कोकणातून निघणाऱ्यांना हे सहसा तपासणीच्या टेबलापाशीच कळते.)

28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे एअरबस ए-321 उड्डाणाआधीच पेटले. आग लागली डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात आणि संशयाची सुई पॉवर बँकेवर होती. विमानातले 176 जण घसरगुंड्यांवरून उतरले आणि सगळे बचावले. विमानाचे छत जळाले. 1 मार्चपासून कोरियाने वरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवण्यास बंदी केली : ती अंगावर किंवा समोर, दिसेल अशी असावी. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून विमानात तिचा वापर थांबवला, एमिरेट्सने ऑक्टोबरपासून. चीनने 28 जूनपासून देशांतर्गत उड्डाणांत थ्री-सी हे सरकारी सुरक्षा चिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना मज्जाव केला.

फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन हलवू नये, केबिन क्रूला बोलवावे, ही सूचनाही याच भीतीतून आली आहे. आडवे होणारे आसन सरळ करू लागले की खालची यंत्रणा फोनला अडकित्त्यातल्या सुपारीसारखी धरते, बॅटरी चेपली जाते आणि धूर निघतो. क्रू आधी प्रवाशाला तिथून उठवतो, मगच फोन शोधतो.