संशोधक कोण, यावर प्रश्न ठरतो

समाजशास्त्राच्या अनेक शोधनिबंधांत आता एक छोटा परिच्छेद असतो: लेखक कोणत्या वर्गातला, वंशाचा, लिंगाचा, आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्याशी त्याचं नातं काय. या प्रथेमागचा वाद शतकाहून जुना आहे.

१८९९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते स्वतः कृष्णवर्णीय. त्याच वस्तीत राहून, घरोघरी फिरून त्यांनी माहिती जमवली. इतरांना तिथली माणसंच ‘समस्या’ वाटत होती. डु बॉइस यांनी बोट दाखवलं ते त्या माणसांना नाकारल्या गेलेल्या नोकऱ्यांकडे, भेदभावाकडे आणि गुलामगिरीच्या इतिहासाकडे. पुढे १९२९ मध्ये समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी माणसाचा विचार त्याच्या सामाजिक स्थानाशी बांधलेला असतो, असं मांडलं.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते वानरांच्या अभ्यासाचं उदाहरण. तिथे तर अभ्यासविषयाला संशोधकाची ओळख कळण्याचाही प्रश्न नाही. १९६० च्या आसपास बबून माकडांच्या टोळीचं जे चित्र रंगवलं गेलं, त्यात केंद्रस्थानी होते नर: त्यांची भांडणं, त्यांची उतरंड. माद्या कडेला. आकाराने मोठे आणि दंगा करणारे नर नजरेत भरत, आणि जे नजरेत भरे तेच वहीत उतरे. १९७४ मध्ये बबूनच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी निरीक्षणाच्या पद्धतींची कसून छाननी केली. त्यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीत एकेक प्राणी आधी ठरवून तेवढाच ठरावीक वेळ पाहायचा, मग तो काही करो वा न करो. त्या शिस्तीत माद्यांचे आपसातले संबंध, त्यांची स्पर्धा, पिलांचं संगोपन हेही नोंदीत आलं.

माणसांच्या अभ्यासात, एखाद्या गटाला खरं कोण समजू शकतं, त्या गटातले ‘आतले’ की ‘बाहेरचे’, या वादात १९७२ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दोन्ही पक्षांची मक्तेदारी नाकारली. एकच माणूस एका बाबतीत आतला, दुसऱ्या बाबतीत बाहेरचा असतो. त्यानंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी वाद पुढे नेला. डोना हॅरावे यांनी १९८८ मध्ये ‘कुठूनही नसलेली नजर’, म्हणजे कोणत्याही स्थानाशी न बांधलेली तटस्थ दृष्टी, हा भ्रम असल्याचं ठामपणे मांडलं. सँड्रा हार्डिंग यांचा आग्रह असा, की संशोधकालाही अभ्यासविषयाइतकंच तपासा. त्याने वस्तुनिष्ठता कमी होत नाही, वाढते.

२००२ मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी भारतीय समाजशास्त्रांना विचारलेला प्रश्न याहून कठोर होता: सिद्धांत मांडणारे एका जातीचे आणि अनुभव पुरवणारे दुसऱ्या जातीचे, हे कसं?