मॉड्युलर कॅमेरा वेगळा, अपग्रेड होणारा कॅमेरा वेगळा

नवा मॉड्युलर सिनेमा कॅमेरा जाहीर झाला की दिवस मावळायच्या आत ठरलेली वाक्यं सुरू होतात. "आता एकदाच पैसे घालायचे, पुढं फक्त सेन्सर बदलायचा." "बॉडी दहा वर्षं हलत नाही बघ." "हा कॅमेरा कधी जुना होणारच नाही." बोलणारे नवशिके नसतात. त्यांना रॉ, लॉग हे रेकॉर्डिंगचे प्रकार कळतात, सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप आणि सुपर ३५ हे तिचं एक माप, हेही कळतं. म्हणून त्यात मी इथं शिरत नाही. घोळ एकाच जागी आहे, आणि कॅमेऱ्यांच्या कितीही पिढ्या आल्या-गेल्या तरी तो तिथून हलत नाही: सुटे भाग जोडून उभा राहणारा कॅमेरा म्हणजेच पुढं सुधारता येणारा कॅमेरा, असं धरून चालणं.

या समजुतीला सगळ्यात जास्त खतपाणी मिळालं ते नोव्हेंबर २००८ मध्ये. ओकली गॉगलवाल्या जिम जॅनर्ड यांच्या रेड कंपनीनं त्या महिन्याच्या १३ तारखेला स्कार्लेट आणि एपिक ही अख्खी मॉड्युलर कुटुंबं एकदम जाहीर केली. मधे एक चौकोनी ठोकळा, त्याचं नाव ब्रेन. त्याला पुढून माउंट (लेन्स बसवायची जागा), मागून रेकॉर्डिंग आणि बॅटरीची मॉड्यूल्स, बाजूला हँडल, वर स्क्रीन. ब्रेन २/३ इंची सेन्सरपासून थेट २८के पॅनोरामापर्यंत (के म्हणजे चित्राच्या रुंदीतले साधारण हजार पिक्सेल). रेडचा पहिला कॅमेरा, रेड वन, बाजारात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, त्यात हे. लोक वेडे झाले. कागदावर पेन्सिलीनं आपापले सेट जुळवत बसले. आज २/३ इंची ब्रेन घेऊ, पुढच्या वर्षी सुपर ३५, मग त्याहून मोठा फुल फ्रेम, बाकी सामान तेच.

आता नीट बघा. त्या आराखड्यात बदलायचा होता तो ब्रेन, म्हणजे पूर्ण कॅमेराच. टिकणार होती ती हँडलं, स्क्रीन, बॅटरीची खोबणी. मिक्सरची भांडी हवी तेवढी बदला, ५०० वॅटची मोटर ५०० वॅटचीच राहते. मॉड्युलर कॅमेऱ्यात सुटी असतात ती बहुतेक भांडी. मोटर बदलायची तर मोटरचेच पैसे मोजावे लागतात, आणि सिनेमा कॅमेऱ्यात खर्चाचा मोठा लचका तिथंच असतो.

"पण सेन्सर तेवढा का नाही बदलता येत?" हा पुढचा प्रश्न. इथं थोडा वेळ काढतो, कारण गाडी रुळावरून घसरते ती इथंच.

पहिली अडचण डेटाची. सेन्सर एकटा काही करत नाही. त्यातून जे वाहत येतं ते पेलणारं कुणीतरी मागं लागतं. ४०९६ गुणिले २१६० म्हणजे साधारण ८८ लाख फोटोसाइट, म्हणजे प्रकाश टिपणारे ठिपके. प्रत्येकाचे १२ बिट, सेकंदाला २४ फ्रेम. हिशेब केलात तर सेकंदाला ३२० एमबीच्या आसपास कच्चा माल येतो. हाच सेन्सर ८के केला, म्हणजे ८१९२ गुणिले ४३२०, की आकडा चौपट: सेकंदाला सव्वा जीबीच्या पुढे. हे सगळं वाचून घेणारी वायरिंग, तिथल्या तिथे कॉम्प्रेस करणारी चिप, त्या चिपची उष्णता बाहेर फेकणारा पंखा आणि शेवटी लिहून घेणारं कार्ड, सगळं त्या मापाचं लागतं. ४के पेलायला बांधलेल्या पाटीवर (सर्किट बोर्डवर) ८केचा सेन्सर बसवलात तर एक तर तो अर्धपोटी चालेल, नाही तर चालणारच नाही.

याचा पुरावा रेडनंच दिला. ३ नोव्हेंबर २०११ ला स्कार्लेट-एक्स आला. त्यातला सेन्सर एपिकमध्ये होता तोच, मिस्टेरियम-एक्स, ५के. एपिक त्या सेन्सरवर पूर्ण ५केला सेकंदाला शंभरीच्या आसपास फ्रेम काढायचा. स्कार्लेट-एक्स ५केवर १२ फ्रेम. बारा! त्यावर सिनेमा शूट होत नाही, फार तर फोटोंची भराभर मालिका होते. सिनेमासाठी स्कार्लेटला ४केवर उतरावं लागायचं. सेन्सर तोच, मागची पाटी वेगळी, आणि कॅमेरे दोन. पुढं दोघांनाही ६केचा ड्रॅगन सेन्सर बसवून मिळू लागला, तेव्हा स्कार्लेटची गाडी पूर्ण ६केवर पुन्हा त्याच १२ फ्रेमला अडली. एवढं डोळ्यांसमोर घडूनही "सेन्सर बदलला की कॅमेरा नवा" म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकतो.

दुसरी अडचण अंतराची. ही फोकस पुलरला, म्हणजे शूटिंगमध्ये फोकस सांभाळणाऱ्याला, चटकन कळते, बाकीच्यांना सांगावी लागते. सिनेमाच्या लेन्स बसतात त्या पीएल माउंटची कड आणि सेन्सरचा पृष्ठभाग यांच्यात ५२ मिलिमीटर अंतर लागतं. बरोब्बर ५२. किती बरोब्बर? पिक्सेल ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरा, लेन्स एफ २ वर उघडी ठेवा, तर सेन्सरच्या बाजूला फोकसला मिळणारी जागा सगळी मिळून २४ मायक्रॉन होते, म्हणजे इकडे १२ आणि तिकडे १२. माणसाचा केस याहून जाड असतो. १८ मिमीची लेन्स लावून इन्फिनिटीवर रिंग नेली आणि लांबची इमारत मऊ दिसली, की भाड्यानं कॅमेरे देणाऱ्यांकडचा जाणता तंत्रज्ञ आधी लेन्सला दोष देत नाही. तो कॉलिमेटर (हे अंतर तपासायचं यंत्र) लावून माउंट तपासतो, मग कागदाहून पातळ शिम, म्हणजे अंतर भरायची चकती, काढतो किंवा घालतो, पुन्हा बघतो. फक्त माउंट कसताना ही तऱ्हा, तर सेन्सरच काढून दुसरा बसवायचा म्हणजे काय ते समजा. शिवाय सेन्सर तिरका बसला तर डावी कड शार्प आणि उजवी मऊ, आणि त्यावर शिमचा सरळसोट इलाज नाही. धूळ वेगळीच. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा ब्लॅक शेडिंगचा (अंधारातही उमटणाऱ्या खोट्या ठिपक्यांचा) नकाशा असतो, तोही नव्यानं घ्यावा लागतो.

म्हणून सेन्सरचे जे अपग्रेड खरोखर झाले, ते बहुतेक कारखान्यात झाले. रेड वन घ्या. एपिक-स्कार्लेटच्या अर्थानं तो मॉड्युलर नव्हताच, एक जाडजूड अ‍ॅल्युमिनियमची पेटी होती. तरीही २०१०च्या सुमारास मालकांनी तो कॅलिफोर्नियाला धाडला आणि त्यात मिस्टेरियम-एक्स बसून परत आला. आधी ज्याला ३२० आयएसओच्या (प्रकाशाला संवेदनशीलतेच्या) पुढं न्यायला जीव धजायचा नाही, तो आरामात ८०० वर चालू लागला. अपग्रेड म्हणतात ते याला. आणि त्याचा सुट्या हँडलांशी काडीचाही संबंध नव्हता. २०१३ला एपिकमध्ये ड्रॅगन बसला तोही कंपनीनंच बसवला. मॉड्यूल काढून दुसरं लावलं आणि झालं, असं तिथंही नव्हतं. मॉड्युलर नसलेला कॅमेरा अपग्रेड झाला, आणि मॉड्युलर असलेला झाला तो मॉड्यूलमुळे नव्हे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पटवायला आणखी काय हवं?

याची दुसरी बाजू मुंबईतच दिसली होती. 'स्लमडॉग मिलियनेअर'चं शूटिंग झालं तेव्हा सिनेमॅटोग्राफर अँथनी डॉड मँटल यांनी सिलिकॉन इमेजिंगचा एसआय-२के मिनी वापरला. हातात फक्त छोटं डोकं, सेन्सर आणि लेन्स एवढंच. तिथून इथरनेटची केबल पाठीवरच्या पिशवीतल्या लॅपटॉपकडं, आणि रेकॉर्डिंग तिथं. झोपडपट्टीच्या बोळातून पोरांच्या मागं पळायचं तर नेहमीचा सिनेमा कॅमेरा खांद्यावर घेऊन कोण पळणार? याहून अस्सल मॉड्युलर काम मला ठाऊक नाही. आणि त्या डोक्यातला सेन्सर २/३ इंची, २के. तो तसाच राहिला. त्याला मोठा सेन्सर बसवून पुढं दहा वर्षं वापरावा, असं कुणाच्या मनातही नव्हतं. सुटेपणाचा फायदा त्या दिवशी, त्या बोळात होता. सोनीनं आपल्या व्हेनिस कॅमेऱ्यासाठी काढलेली रियाल्टो व्यवस्था त्याच जातीची: सेन्सरचा भाग पुढं सुटा करायचा, केबल लावायची, बाकी धूड मागं ठेवायचं. विमानाच्या कॉकपिटमध्ये माणसाशेजारी कॅमेरा बसतो तो यामुळे.

"मग कुणीच सेन्सर सुटा केला नाही का?" केला. ब्लॅकमॅजिक कंपनीनं एप्रिल २०१४ मध्ये उर्सा कॅमेरा दाखवला, तेव्हा चार बोल्ट काढून सेन्सर आणि माउंट एकत्र उचलायची सोय होती, तीही वापरणाऱ्यानं स्वतः करायची. त्यासाठी बॉडी केवढी बांधावी लागली ते आठवा. उर्सा खांद्यावर घेऊन दिवस काढलेला माणूस मणक्याबद्दल बोलतो. पुढच्याच वर्षी आलेल्या उर्सा मिनीत ही सोय नव्हती आणि लोक आनंदानं मिनीकडं गेले. सोनीचं व्हेनिस २ हे त्यातल्या त्यात जमलेलं उदाहरण: त्याच्या बॉडीत ८.६केचा सेन्सर ब्लॉक बसतो आणि पहिल्या व्हेनिसचा ६केचाही. पण बॉडी नवीच घ्यावी लागते बरं! टिकला तो सेन्सर, बदलली ती बॉडी. कट्ट्यावरच्या स्वप्नाच्या बरोबर उलट.

अ‍ॅरी या जर्मन कंपनीचा रस्ता मला जास्त पटतो. त्यांच्या २०१०च्या अलेक्सा कॅमेऱ्याला २०१३ मध्ये एक्सआर मॉड्यूल मिळालं. जुनं रेकॉर्डिंगचं मॉड्यूल काढून हे बसवलं की अ‍ॅरीरॉ हे कच्चं रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या आतच लिहिलं जाऊ लागलं, बाहेर लटकणारा रेकॉर्डर गेला. सेन्सरला हातही लावला नाही. जो भाग लवकर जुना होतो तो सुटा ठेवायचा, जो जपायचा तो कसून बसवायचा. मॉड्युलरपणा आणि अपग्रेड एकत्र नांदतात ते असे, आणि असे क्वचितच.

आता जी मॉड्यूल्स टिकणार म्हणून आपण खूश असतो, ती तरी टिकतात का? २०१५ला रेडच्या मॉड्युलर ब्रेनची दुसरी पिढी आली, वेपन. मागची जोडणी बदलली, एपिकची मॉड्यूल्स त्याला लागेनात. कार्ड मिनी-मॅग झालं. २०२०ला कोमोडो आला, त्याला सीफास्ट कार्ड. २०२१ला व्ही-रॅप्टर, त्याला सीएफएक्सप्रेस. एकेका मॅगला ज्यांनी त्या काळी भरमसाट पैसे मोजले, त्यांच्या कपाटात ते आज शोभेला आहेत. अंधेरीतल्या कुठल्याही रेंटलवाल्याकडं खालचा खण उघडायला सांगा: जुनी साइड हँडलं, कशालाच न बसणाऱ्या केबली, फाटक्या फोममध्ये एखादं रेडमॅग (रेडचं जुनं कार्ड). कॅमेऱ्याबरोबर येणारा अटेंडंटसुद्धा त्यातलं काय कशाचं ते क्षणभर आठवून सांगतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. ब्रेन म्हणा की बॉडी, बिघडत नाही. सुपर ३५ की फुल फ्रेम, तुमच्याकडच्या लेन्स कुठलं माप झाकतात ते बघा आणि विषय मिटवा. जाहीर होणं आणि हातात पडणं यातलं अंतर मात्र विसरू नका. २००८च्या एप्रिलमध्ये ३के आणि ३,००० डॉलरच्या आत म्हणून गाजलेला २/३ इंची स्कार्लेट विक्रीला आलाच नाही. आला तो ९,७५० डॉलरचा स्कार्लेट-एक्स, आणि तीही नुसत्या ब्रेनची किंमत. २८के तर चित्रातच राहिला. तपशील, किंमत, तारीख सगळं बदलू शकतं, असं रेड घोषणेबरोबरच बजावत असे. वाचलं कुणी?

आणि ती ब्रेनची किंमत दुसऱ्या कॅमेऱ्याच्या पूर्ण किमतीशेजारी ठेवून "बघ, किती स्वस्त!" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. स्क्रीन, बॅटरी प्लेट, कार्डं, माउंट, हँडल धरा आणि मग बेरीज करा.

माझं मत विचाराल तर रेंटल हाऊसनं मॉड्युलरच घ्यावा. सकाळी गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या चौकटीवर), दुपारी गाडीच्या बॉनेटवर, संध्याकाळी ट्रायपॉडवर जाणाऱ्या कॅमेऱ्याला सुटेपणाचा पैसा वसूल होतो, आणि स्क्रीन फुटली तर तेवढीच बदलून शूट पुढं चालतं. लग्नं, डॉक्युमेंटरी, छोट्या जाहिराती एकट्यानं करणाऱ्यानं एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर), ऑडिओ आणि व्ह्यूफाइंडर आतच असलेला सरळ एका पेटीचा कॅमेरा घ्यावा आणि उरलेले पैसे लेन्सवर घालावेत. तरीही मॉड्युलरच घ्यायचा असेल, तर विक्रेत्याला "पुढं अपग्रेड होईल का" विचारू नका, तो हो म्हणणारच. विचारा, मागच्या पिढीतलं नेमकं कुठलं मॉड्यूल या ब्रेनला लागतं, आणि ते लावून दाखवायला सांगा.