वन्यजीव कुरण : जमिनीची मशागत

रानातल्या तृणभक्षी प्राण्यांना चारा मिळावा म्हणून राखलेला किंवा मुद्दाम पेरलेला जमिनीचा तुकडा म्हणजे वन्यजीव कुरण. अमेरिकेत असे पट्टे बरेचदा हरणांच्या शिकारीसाठी पेरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे तो हेतूच उरत नाही. शिवाय अभयारण्यात हे काम वनखात्याचे.

सातारा-सांगलीत या कामाचे दोन अगदी वेगळे प्रकार पडतात. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात उठून गेलेल्या गावांची भातखाचरे पडीक आहेत. बांध अजून शाबूत असल्याने माती टिकून आहे, म्हणून गवा-सांबरांसाठी याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही. अडचण आहे ती घाणेरी आणि रानमोडी या माजणाऱ्या झुडपांची. घाणेरी वरून तोडली की बुडख्यातून दुप्पट जोमाने फुटते. त्यासाठी मातीखाली बोट-दोन बोटे जाऊन मूळच छाटावे लागते आणि तेही फुले येण्याआधी. मुसळधार पावसाने इथली जांभ्याची माती आम्ल झालेली असते. चुना घालायचा तर माती तपासूनच : पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा घ्यायचा, कडेची चकती कापायची, दहा-बारा ठिकाणची माती कालवून अर्धा किलो ठेवायची.

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत नेमके उलटे. माळावर माती वीतभरही नाही, खाली मुरूम. तिथे खोल नांगरट करणे हा शुद्ध अडाणीपणा, कारण मुरूम वर येतो आणि उरलीसुरली माती पहिल्या वळवात ओढ्याला लागते. उताराला आडवे समपातळी चर काढून वर कुळवाची एखादी पाळी दिली की पुरे. वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, मुठीत कळतो : माती दाबून गोळा करावा, बोटाने ढकलताच फुटला तर कुळव घालायला हरकत नाही.

खताचा मोह आवरावा. युरियाने गवतापेक्षा तणच माजते आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून गाजरगवताचे बी येते. स्टायलोसारख्या शेंगवर्गीय चाऱ्याला मात्र स्फुरद (फॉस्फरस) लागतो.

मारवेल, पवना, डोंगरी या गवतांचे बी हलके आणि कुसळांचे. नुसते फोकले तर वाऱ्यावर जाते. म्हणून ते बारीक मातीत कालवून मृगाच्या तोंडावर फेकतात आणि वरून बोरीची फांदी ओढतात. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर नीट उगवत नाही. मारवेलाचे ठोंब लावले तर भरवसा जास्त.

जागा उसापासून लांब असावी. माणसांनी झाडे लावून उभ्या केलेल्या १०.८७ चौ. किमी.च्या सागरेश्वर अभयारण्यालगतच्या शेतकऱ्यांना हरणांची वाट पिकांकडे कशी वळते हे ठाऊक आहे. कासच्या सड्यासारख्या कातळावरच्या चिमूटभर मातीला तर कुदळही लावू नये. तिथले गवत आणि फुले त्या चिमटीवरच जगतात.